सहा चाळीसचा मेसेज

माझ्या भाच्याने मला फसवलं. माझी मोठी बहीण अमरावतीला पहाटे वारली आणि त्याने ती बातमी मला फोन करून सांगितली नाही, घरच्या ग्रुपवर टाकली. दुपारी एक वाजता तिला घरून नेलं आणि अग्नी दिला. त्या वेळी मी हिवरखेडला एका जुन्या डिझेल इंजिनाचा भाव करत उभा होतो. तिचं तोंड मला पाहायला मिळालं नाही.

तो म्हणतो, यात फसवणूक कुठे आहे, मामांनी मेसेज वाचला होता. त्याचं म्हणणं मी पुढे पूर्ण लिहिणार आहे. समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय मी कधी आवाज चढवत नाही. ऐकल्यावर चढवतो, हे अकोल्यात आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानदारांना माहीत आहे.

माझा धंदा जुन्या मोटरपंपांचा आणि इंजिनांचा. शेतकऱ्याकडून बंद पडलेली मोटर घ्यायची, उघडायची, वाइंडिंग करून घ्यायचं, बेअरिंग बदलायचे, रंग मारायचा आणि दुसऱ्या शेतकऱ्याला द्यायची. सुरुवात सायकलवर भंगार गोळा करण्यापासून केली. ती सायकल बहिणीची होती. मी तिला बाई म्हणायचो. आई-वडील लवकर गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती वीस. तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात ती अंगणवाडीत शिकवायची आणि मला तिने तिथेच वाढवलं. तिला भाव करता येत नसे. बाजारात भाजीवाली म्हणेल ते देऊन मोकळी व्हायची. मी चिडायचो, तर म्हणायची, "तिचंई घर चालते ना बापा." भाव करायला मी तिच्यासाठी शिकलो, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. दहाव्या वर्षी बाजारात तिच्यापुढे चालून मीच वांग्यांचा भाव पाडायचो आणि ती मागे लाजून उभी राहायची.

मोबाइलवरचा धंदा मी सात-आठ वर्षांपूर्वी सुरू केला. आमच्या ओळीतला मी पहिला. म्हणून अजूनही नवे दुकानदार विचारायला येतात, की काका, तुम्ही काय टाकता, कसं टाकता. त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

रंग मारलेल्या मोटरचा फोटो टाकू नका. उघडलेल्या मोटरचा टाका. आतलं नवीन तांबं दिसलं की शेतकऱ्याला विश्वास वाटतो. गंज असेल तर गंजही दाखवा. घरी नेल्यावर त्याने तो शोधून काढण्यापेक्षा तुम्हीच दाखवलेला बरा. फोटो सकाळच्या उन्हात काढा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको. भाव फोटोखाली लिहू नका. पण 'मेसेज करा' असंही लिहू नका. 'फोन करा' असं लिहा आणि लोक तरीही मेसेजच करतील, हे गृहीत धरा.

नांदगाव खंडेश्वरच्या एका गृहस्थाने तीन दिवस मला मेसेज केले.

"भाव?"

"फोन करा."

"भाव सांगा ना भाऊ."

"फोन करा."

"बरं, लास्ट किती?"

मी लिहिलं, "पहिलाच सांगतला नाही त लास्ट कोठून सांगू बे?"

त्याने त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'अकोल्याचे दुकानदार गिऱ्हाइकाशी असे बोलतात.' दोन महिने लोक दुकानात येऊन हसत विचारायचे, "काका, पहिला सांगता का लास्ट?" गिऱ्हाईक उलट वाढलं. पण मी एक शिकलो. जे गावातल्या पारावर लिहून चिकटवलेलं चालणार नाही, ते मेसेजमध्ये लिहू नका. आणि रागात असाल तर बोलून पाठवायचं बटण दाबूच नका. लिहिलेला राग लोक विसरतात. आवाजातला राग साठवून ठेवतात आणि लग्नात सगळ्यांना ऐकवतात. माझे असे दोन आवाज आमच्या नातेवाइकांत फिरतात. त्यातला एक ऐकून माझ्या साडूचा नातू बोलायला शिकला म्हणतात.

आता माझ्या नियमाविषयी.

फोनवर ठरलेलं बोलणं लोक फिरवतात. तुम्ही असं म्हणालेच नव्हते, मला असं कळलंच नाही, वगैरे. म्हणून मी फोनवर सौदा झाला की लगेच मेसेजमध्ये सगळं लिहून पाठवायचो. मोटर कोणती, कशी आहे, कधी न्यायची, परत घेतली जाईल की नाही. खाली एक ओळ असायची. 'हरकत असेल तर आजच कळवा.' मेसेजपुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या की माझ्यासाठी सौदा पक्का. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. बोटं सोडली की मग कुणी मागे फिरत नाही. निळी खूण मला तशीच वाटायची. या नियमाने माझी किती भांडणं वाचली, सांगता येणार नाही. मी तो सगळ्यांना ऐकवायचो. भाचीच्या मुलाच्या वाढदिवसाला पंगतीत बसून मी मोठ्याने म्हणालो होतो, "लेकहो, निळं झालं म्हणजे बोलणं झालं." सगळे हसले. भाचाही हसला. तो सरकारी नोकरीत आहे, शिकलेला आहे. त्याला ते पटलं असावं.

तिवशाकडे बहिणीचं थोडं शेत आहे, विहीर आहे. मागच्या हिवाळ्यात भाच्याला तिथे मोटर पाहिजे होती. मी त्याला चांगली मोटर दिली. लिहून पाठवलं की मोटर जुनी आहे, जशी आहे तशी, तीन दिवसांत चालवून पाहा, त्यानंतर परत नाही. खुणा निळ्या झाल्या. त्याला सुट्टी मिळाली नाही, मोटर दहाव्या दिवशी बसवली आणि दुसऱ्या दिवशी जळली. तो म्हणाला, परत घ्या. मी म्हणालो, मेसेज पाहा.

"घाईत उघडला होता जी मामाजी. पूर्ण वाचलाच नाही."

"उघडला कोणं?"

"मीच उघडला."

"मंग?"

एवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. मी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. एक्केचाळीस माणसं आहेत त्या ग्रुपवर. वर लिहिलं, 'यात तीन दिवस लिहिलं आहे की नाही, ते सगळ्यांनी सांगा.' कुणी काही सांगितलं नाही. एका काकूने गुलाबाचं फूल टाकलं. त्यानंतर कुणीतरी शुभ सकाळ टाकलं आणि तो विषय वर सरकून गेला. भाच्याने एक अक्षर लिहिलं नाही. त्या दिवसापासून त्याचा मला फोन आला नाही.

बाईचा आला. ती बटणांचाच फोन वापरायची.

"तू त्याची साऱ्यायच्या समोर कावून इज्जत काढली?"

"बाई, नियम म्हणजे नियम."

"मोटर गेली खड्ड्यात. तुया भाचा हाये तो."

"त्यानं वाचायले पायजे होतं."

"बरं. जेवला का?"

तिचं प्रत्येक बोलणं तिथे संपायचं. मी जेवलो म्हणालो. घरगुती भांडण घरच्या ग्रुपवर नेऊ नका, हे तेव्हाच मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तरी लिहून ठेवतो. दोन माणसांचं भांडण दोघांत मिटतं. एक्केचाळीस माणसांनी पाहिलेलं भांडण मिटवायला एक्केचाळीस माणसं लागतात आणि ती कधी एका ठिकाणी येत नाहीत.

ती गेली तो दिवस मंगळवार होता. माझी एक सवय आहे. सकाळी चहा झाला की दुकानाच्या पायरीवर बसून मी सगळे ग्रुप एकेक करून उघडतो आणि अंगठ्याने सरकवत तळापर्यंत जातो. वाचत नाही. नावापुढचा हिरवा आकडा जावा म्हणून करतो. तो आकडा तसाच राहिलेला मला सहन होत नाही. आदल्या रात्री कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. केकचे फोटो होते, फुगे होते, नाचण्याचे दोन व्हिडिओ होते. मग सकाळचे नमो बुद्धाय आणि जयभीम, कमळांची चित्रं. या सगळ्यांत भाच्याच्या दोन ओळी होत्या. फोटो नाही, काळी चौकट नाही. 'आई आज पहाटे गेली. अंत्ययात्रा दुपारी बारा वाजता राहत्या घरून.' मी त्यांच्यावरून अंगठा फिरवला. आठ वाजून पाच मिनिटांनी. वेळ मला नंतर दाखवली गेली.

मग टेम्पो आला आणि मी हिवरखेडला निघालो. टेम्पोवाले चाचा माझ्याबरोबर वीस वर्षांपासून आहेत. माझ्याहून मोठे. त्यांचं आणि माझं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत चालतं.

हिवरखेडच्या शेतकऱ्याकडे इंजिन चांगलं होतं. मी ते पाहून तोंड वाकडं केलं. ते करावंच लागतं.

"अकोल्याहून येता अन् तोंड असं करता, जसं इंजिन तुमचंच बिघडलं," तो म्हणाला.

"चालते का तरी?"

"मारा ना हँडल. हात असतीन त चालंल."

त्याची बायको ओसरीवर तूर पाखडत होती. ती म्हणाली, "यायले पाणी द्या आधी. भाव पाडाले ताकद लागते."

सौदा करताना मी फोनचा आवाज बंद करून खिशात ठेवतो. हेही करत चला. समोरच्याला वाटू देऊ नका की तुमच्याकडे दुसरं काम आहे. अकरा वाजता सुरू झालेला सौदा दीडच्या सुमारास संपला. मधेच मी घड्याळ पाहिलं होतं, कारण चाचांची नमाजाची वेळ होती. एक वाजला होता आणि मी हँडल मारत होतो. शेवटी इंजिनाबरोबर पट्टा आणि पुली फुकट मागून घेतली. मला फार बरं वाटलं. शेतकऱ्याने हात जोडून म्हटलं, "आता घरातलं जातं तेवढं ठेवा." सगळे हसलो.

आवाज बंद होता, पण फोन दाखवत असतो की कुणी केला होता. अकोटला चहाच्या टपरीवर मी फोन काढला. एकही मिस कॉल नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो. एकही नव्हता.

चहा येईपर्यंत स्टेटस पाहायला लागलो. पहिलं एका गिऱ्हाइकाचं, संत्र्यांचं. दुसरं भाचीचं. बाईचा फोटो, पांढऱ्या साडीतला, खाली मेणबत्ती. त्याखाली दोन तारखा. मी माणूस असा आहे की आधी आकडे वाचतो. पहिली तारीख तिच्या जन्माची होती, ती मला पाठ आहे. दुसरी त्या दिवसाची होती.

चाचा म्हणाले, "सेठ, चाय ठंडी हो रही."

मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पहले घर फोन लगाओ."

मी भाचीला फोन लावला. तिने उचलला आणि बराच वेळ नुसती रडली. मग म्हणाली, "मामाजी, आटोपलं ना. एक वाजता नेलं." मी काय बोललो ते आठवत नाही. मी चहा प्यायलो, हे आठवतं. पूर्ण प्यायलो. कपाच्या तळाशी आल्याचा चोथा होता, तोही चावला.

इंजिन टेम्पोत चढवलेलं होतं. ते उतरवायला जागा नव्हती, म्हणून तसंच घेऊन अंजनगावच्या रस्त्याने अमरावतीला निघालो. वाटेत मी ग्रुप उघडला आणि त्या दोन ओळी पहिल्यांदा वाचल्या. त्यांच्याखाली एक व्हिडिओ होता, चाळीस सेकंदांचा. पुण्याच्या जावयाला, म्हणजे भाचीच्या नवऱ्याला, येता आलं नाही, म्हणून त्याला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं होतं आणि नंतर कुणीतरी थोडं काढून ग्रुपवर टाकलं होतं. त्यात खांदे आहेत, कुणाचं तरी कोपर आहे, फुलं आहेत. बाईचा चेहरा चार सेकंद येतो. उन्हासाठी कुणी छत्री धरलेली आहे, म्हणून चेहऱ्यावर सावली आहे. मी बोटांनी मोठा करून पाहिला. मोठा केल्यावर नुसते चौकोन दिसतात. चाचा रस्त्याकडे पाहत होते. दर्यापूर फाट्याला त्यांनी विचारलं, "पानी?" मी नाही म्हणालो. मला तहान, भूक, काहीच कळत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. हात खांद्यापासून झोपावा, तसं सगळं झोपलं होतं.

बहिणीच्या गल्लीत मांडव होता. टेम्पो आत गेला नाही. इंजिनासकट तो रस्त्यावरच ठेवून मी आत गेलो. भाचा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. उठला, पाया पडला. मी त्याला उठवलं नाही.

"फोन कावून नाही केला?"

"मामाजी, सकाळी सहा चाळीसलेच टाकलं होतं."

"मी काय विचारून राहिलो? फोन."

"तुमी वाचलं ना जी." त्याने फोन काढला, त्या दोन ओळींवर बोट दाबून धरलं आणि ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांची यादी उघडली. त्यात माझं नाव होतं. आठ पाच. "हे पाहा. निळं हाये."

"मी उघडलं. वाचलं नाही."

"मंग मले कसं समजावं?" त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "तुमीच त म्हणत होते, निळं झालं म्हणजे बोलणं झालं. मले वाटलं मामाजीले समजलं. येऊन राहिले असतीन. बारा वाजता काढाची होती. मी साऱ्यायले थांबवलं. म्हटलं मामाजी येते. एक वाजला. मंग साऱ्यायनं म्हटलं, नाई येत ते. मोटरीचा राग हाये त्यायले."

शेजारची एक म्हातारी भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "अरे, कावून भांडून राहिले रे. तिची माती झाली, आता काय फोन दाखोता?"

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. कुणाकडे त्याचाही व्हिडिओ असेल. गल्लीतली माणसं गोळा झाली. चाचा आत आले आणि माझ्या दंडाला धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

आत बाईचा पलंग होता, चादर काढलेली. खिडकीत तिचा बटणांचा फोन पडला होता. तो मीच घेऊन दिला होता आणि त्यात माझा नंबर एकच्या बटणावर ठेवला होता, कारण तिला आकडे शोधायला वेळ लागायचा. एक दाबून धरला की मला लागायचा. फोन चालू होता. बॅटरी पूर्ण होती. मी तो हातात घेतला, पाहिला आणि परत खिडकीत ठेवला. त्या घरात त्या दिवशी सात माणसं होती, प्रत्येकाकडे फोन होता, आणि हा आठवा.

अजून मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो, बसलो, खीर खाल्ली. भाच्याने वाढली. आम्ही बोललो नाही. दुकान दुसऱ्या दिवसापासून उघडलं. हिवरखेडचं इंजिन मी रंगवलं नाही, उघडलं नाही, फोटो काढला नाही. ते दारातच आहे. एकाने विचारलं, हे द्यायचं का? मी भाव सांगितला. त्याने कमी मागितला. मी बरं म्हणालो. त्यालाच संशय आला आणि तो न घेता निघून गेला.

सकाळी पायरीवर अजूनही बसतो. ग्रुप उघडत नाही. हिरवे आकडे वाढतात. एकापुढे दोनशे झाले, एकापुढे पाचशेच्या वर. आता ते मला टोचत नाहीत.

या सगळ्यावरून मी काही गोष्टी ठरवल्या आहेत आणि विचारणाऱ्यांना सांगतो.

निळ्या खुणा बंद करता येतात. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जा, तिथे तो पर्याय आहे. मी बंद केल्या. पण लक्षात ठेवा, ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. तिथे तुम्ही उघडलं की तुमचं नाव यादीत जातं, वाचलेलं असो की नसो. म्हणून ज्या ग्रुपमध्ये घरची माणसं आहेत, तो अंगठ्याने सरकवू नका. वेळ नसेल तर उघडूच नका. आकडा राहू द्या. आणि असा ग्रुप सगळ्यांत वर पिन करून ठेवा. बाकीचे बंद आवाजात टाका. वाढदिवसाचा ग्रुप वेगळा करा आणि घरच्या बातमीचा वेगळा. त्यात कमळं नकोत, सुविचार नकोत. लोक नाराज होतील. होऊ द्या.

धंद्यातही मी नियम बदलला. आता लिहून पाठवतो आणि उलट लिहून मागतो. समोरच्याने 'मंजूर' हा शब्द स्वतः टाइप केला पाहिजे. नाही केला तर मी फोन करतो. वेळ जातो. जाऊ द्या.

आणि घरात कुणी गेलं तर आधी कागद घ्या. त्यावर जवळच्या माणसांची नावं लिहा. दहा होतील, पंधरा होतील, जास्त होत नाहीत. ज्यांच्या घरात दुःख आहे त्यांना फोन करायला लावू नका. शेजारचे दोन जण बसवा आणि यादी वाटून द्या. समोरून माणसाचा आवाज येईपर्यंत नावापुढे खूण करू नका. सगळी नावं संपली की मग ग्रुपवर टाका. स्टेटस त्याच्याही नंतर. जन्म झाला, पोरगं पास झालं, गाडी घेतली, ते खुशाल आधी ग्रुपवर टाका. ते दोन दिवसांनी कळलं तरी चालतं.

हे सगळं मी शांतपणे लिहिलं आहे. भाच्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. माझा अंगठा त्या ओळींवरून गेला, हेही लिहिलं. त्याने मोटरचा मेसेज न वाचता उघडला तेव्हा मी त्याला सोडलं नव्हतं, हे मला समजतं. मी व्यवहारी माणूस आहे. माझ्या बाजूला काय जातं आणि त्याच्या बाजूला काय जातं, हे मला दुसऱ्याने दाखवायची गरज नाही. नियम माझा होता. तो मी मोटरीसाठी केला होता.

भाच्या, तू म्हणालास, मी एक तास सगळ्यांना थांबवलं. ते मी खरं मानतो. गल्लीतल्या चार जणांनीही मला तेच सांगितलं. मग मला एवढंच सांग. बारापासून एकपर्यंत तुझी आई अंगणात होती, माणसं खोळंबली होती, तू रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन पाहून आलास, असंही म्हणतात. पुण्याच्या जावयाला दाखवायला फोन तुझ्याच हातात होता, चालू होता. ज्याची वाट पाहत होतास त्याला एक रिंग का दिली नाहीस? एक रिंग दिली असती आणि मी उचलला नसता, तर आज मी तुझ्या पाया पडलो असतो. मला वाटलं, मला असं वाटलं, हे नको. तुला काय वाटलं ते मी ऐकलं आहे. तू काय केलं नाहीस, त्याचं उत्तर पाहिजे. ग्रुपवर लिहू नकोस, बोलून पाठवू नकोस, भाचीच्या तोंडून सांगू नकोस. अकोल्याला ये, नाही तर मला बोलाव, मी येतो. समोर बस आणि सांग, तू मला फोन का केला नाहीस.